निमगावच्या दूध केंद्राचं बिल्ड

माझ्या नवऱ्याच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली आणि त्याची उजवी बाजू गेली. पुढे पाय परत आला, हात थोडाफार आला. शब्द मात्र आले नाहीत. बारामतीच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्याच्या तोंडून एकच गोष्ट निघायची, ‘झालं की’. भूक लागली तरी झालं की, पंखा बंद करायचा असला तरी झालं की. समोरच्याचं सगळं त्याला कळायचं. आपण भलतंच बोललो हेही कळायचं, आणि मग तो खिडकीकडे तोंड करून बसायचा.

आम्ही दोघं इंजिनीअरिंगला एकाच वर्गात होतो, त्यामुळे घरात अरे-तुरेच. तो पुण्यातल्या एका कंपनीचं काम बारामतीत बसून करायचा. मी इथल्या एका ज्युनिअर कॉलेजात आयटी शिकवते. आमच्यात बोलका तो होता. जेवताना भाजी निवून जायची, पण ह्याचं सांगणं संपायचं नाही. आता ताटावर बसलो की मीच दोघांच्या वाटचं बोलायची.

त्याची थोरली बहीण निमगाव केतकीत दूध संकलन केंद्र चालवते. सगळे तिला आक्का म्हणतात, मीही. केंद्रावरचा प्रोग्राम ह्यानेच जावा या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहून दिलेला. दूध काट्यावर ठेवलं की वजन, मशीनमध्ये घातलं की फॅट, आणि लगेच पावती. त्या हिवाळ्यात एक दिवस दुपारी आक्कांचा फोन आला. मी पोळ्या लाटत होते, म्हणून स्पीकर लावला.

“अगं पोरी, सांगू का नको असं झालंय. जुनं फॅट मशीन बंद पडलं म्हणून नवं आणलं. तवापासनं कॉम्प्युटर येड्यावानी करतोय. फॅट अठ्ठावीस छापतोय! दूध हाय का तूप?”

“मग आता कसं करताय, आक्का?”

“हातानं लिवतीय पावत्या. बोटं आखडल्यात. पर त्याला काय सांगू नगंस हां. जिवाला लावून घील.”

त्याने सगळं ऐकलं होतं. तो उठला, भिंतीला हात लावत कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपाशी गेला आणि डाव्या हाताने टेबलावर थाप मारली. मला म्हणाला, “झालं की.”

मी पोळपाट तसाच ठेवला.

प्रोग्रामचा कोड घरच्या कॉम्प्युटरवर होता. पण तो ज्या लॅपटॉपवर काम करायचा, तो कंपनीचा. बांधायची सगळी तयारी त्याच्यावर होती आणि तो आजारपणात परत गेलेला. म्हणजे कोडात दोन ओळी बदलणं सोपं होतं, त्यातून चालणारा प्रोग्राम पुन्हा बांधणं अवघड. ते बांधायचं काम मेवन नावाचं एक साधन करतं. प्रोग्रामला दुसऱ्यांनी लिहिलेले कुठकुठले तयार भाग लागतात ते त्याला एका फाइलमध्ये सांगून ठेवायचं; ते इंटरनेटवरून भाग आणतं, जोडतं आणि प्रोग्राम हातात देतं. एखादा भाग सापडला नाही की लाल अक्षरांत ‘बिल्ड फेल्युअर’ म्हणून थांबतं. कॉलेजात मी मुलांना शिकवते ते पुस्तकातलं जावा. मेवनशी माझी तोंडओळख होती, त्यापुढे काही नाही.

पहिल्याच प्रयत्नात लाल अक्षरं आली. मी जावाची नवी आवृत्ती घातली होती आणि ह्याचा कोड जुन्या आवृत्तीसाठी लिहिलेला. मी जुनी आवृत्ती उतरवून घातली. तरी तीच चूक. पुन्हा घातली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तरी तीच.

“अरे, जुनंच जावा आहे आता! हे बघ,” असं म्हणून मी त्याला पडद्यावर आवृत्ती दाखवली. त्याने नकारार्थी मान हलवली. माझा हात कीबोर्डावरून हळूच बाजूला केला आणि डाव्या हाताच्या एका बोटाने मेवनलाच त्याची आवृत्ती विचारणारी आज्ञा टाइप केली. उत्तरात दिसलं, की मेवन अजून नवंच जावा वापरत होतं. एका सेटिंगमध्ये नव्या जावाचाच पत्ता राहून गेला होता. तो बदलला आणि गाडी पुढे सरकली.

मी त्याच्याकडे बघितलं. आजारानंतर त्याने मला काही शिकवलं, असं पहिल्यांदा घडलं होतं. त्याचं लक्ष पडद्यावर होतं.

पुढची लाल ओळ लगेच आली. एकही भाग उतरत नव्हता. मेवन कुठल्याशा सर्व्हरला हाका मारत होतं आणि तिकडून उत्तर येत नव्हतं. मी नेट तपासलं, ते चालू होतं. त्याने मला एक सेटिंगची फाइल उघडायला लावली, तिच्यातल्या चार ओळींवर बोट ठेवलं आणि म्हणाला, “हापूस.”

“हापूस?”

“हापूस!” तो वैतागला. ओळींवर बोट आपटलं. “हापूस, हापूस!”

मी खरंच विचारात पडले, आंब्याचा इथे काय संबंध. त्याने डोळे मिटले, ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले. मला घाई करायची नव्हती. स्पीच थेरपीच्या बाईंनी मला दोनदा बजावलं होतं, की त्याच्या तोंडातला शब्द तुम्ही पुरा करू नका, थांबा. थांबणं मला फार जड जायचं. पदराशी चाळा करत बसले.

“हापिस,” तो म्हणाला.

ऑफिस! त्या ओळींमुळे मेवन सगळे भाग कंपनीच्या आतल्या सर्व्हरवरून मागत होतं. कामाच्या लॅपटॉपवरून ती फाइल कधीतरी घरी आलेली. मला हसू फुटलं. थांबवायचा प्रयत्न केला, त्याने जास्तच आलं. तो आधी रागाने बघत राहिला, मग त्याच्याही ओठाची डावी बाजू हलली, आणि तो हसला, आवाज करून, खांदे हलवत. घरात तो आवाज कितीतरी दिवसांनी ऐकला. हसता हसता माझे डोळे भरून आले ते मी त्याला दिसू दिले नाहीत.

चार ओळी काढून टाकल्या. पुन्हा बांधायला सांगितलं. पुन्हा तीच चूक, अक्षरन्‌ अक्षर तीच.

आता मात्र मी थकले. त्याने टेबलावर बोटाने काहीतरी काढलं. खाली येणारी रेघ, वळण, वर जाणारी रेघ. 

“काय हे? वाटी? पाणी हवंय?”

मानेनेच नाही म्हणाला. पुन्हा तेच काढलं.

“नाल?”

त्याने कपाळाला हात लावला. मग माझा तळहात घेतला आणि त्याच्यावर सावकाश गिरवलं. इंग्रजीतलं ‘यू’. आणि मग पडद्यावरच्या चुकीखालची बारीक ओळ दाखवली, जी मी घाईत वाचलीच नव्हती. मेवनने लिहिलं होतं, की हा भाग मागे एकदा मिळाला नव्हता, तशी नोंद आहे, म्हणून सध्या पुन्हा शोधत नाही. आज्ञेच्या शेवटी ‘यू’ जोडला की ते आधीचं अपयश बाजूला ठेवून नव्याने शोधायला लागतं.

मी जोडला. पडदा ओळींनी भरून वाहायला लागला. एकेक भाग उतरत होता आणि हा ओठ हलवत त्यांची नावं वाचत होता, आवाज न करता. पोळ्यांची कणीक वाळून गेली होती. त्या संध्याकाळी आम्ही भातावरच भागवलं.

शेवटी एकच भाग राहिला. मशीनकडून वायरीतून येणारे आकडे वाचणारा. तो इंटरनेटवर सापडेना. ह्याने तो कधीकाळी कुठूनतरी मिळवून आपल्या लॅपटॉपवर हाताने बसवला होता, आणि लॅपटॉप तर गेला.

“आक्का,” तो म्हणाला.

“फोन लावू?”

“न्हाय. आक्का. तितं.” त्याने दाराकडे हात केला.

रविवारी मी गाडी काढली. कॉलेजने दिलेला लॅपटॉप बरोबर घेतला, त्याच्यात कोड, जुनं जावा आणि मेवन घातलं. दवाखाना सोडला तर तो पहिल्यांदाच घराबाहेर पडत होता. इंदापूर रस्त्याला कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या पुढे होत्या, ओलांडायला वाव नव्हता. मी एरवी हॉर्न वाजवत सुटते. त्या दिवशी मागे मागे राहिले. तो काच खाली करून बाहेर बघत होता, शेताला पाणी सोडलेलं, पानमळे, थांब्यावर एसटीची वाट बघत बसलेल्या बायका. एकदा त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ठेवूनच दिला.

आक्का केंद्राच्या दारात उभ्या होत्या. दवाखान्यात त्यांनी भावाला बघितलं होतं ते डोळे मिटून पडलेला असताना. बहिऱ्याशी बोलावं तशा त्या मोठ्याने बोलल्या, “वळखतोस का मला?”

“आक्का,” तो म्हणाला. स्पष्ट, एका दमात.

त्यांनी तोंड फिरवलं. कॅन नीट ठेवलेले होते ते उगीच उचलून दुसऱ्या जागी ठेवले. “चहा टाकते,” म्हणाल्या आणि आत गेल्या त्या बराच वेळ आल्या नाहीत.

तो थेट कॉम्प्युटरसमोर बसला. त्याच्या प्रोग्रामचं फोल्डर उघडलं, त्यातलं आणखी एक फोल्डर उघडलं आणि बोट ठेवलं. आम्ही शोधत होतो तो भाग तिथे होता. साधी गोष्ट होती, चालू प्रोग्रामबरोबर त्याला लागणारं सगळं जातंच. बारामतीत बसून मला ते सुचलं नव्हतं आणि त्याला ते सांगता आलं नव्हतं.

पेनड्राइव्हवर भाग घेतला, माझ्या लॅपटॉपवर मेवनला त्याची हाताने ओळख करून दिली. नाव टाकताना मी एक अक्षर चुकले, ते त्याने पकडलं. मग नवं मशीन नेमकं काय पाठवतंय ते बघितलं, तर ते फॅटच्या आधी दुधाचं तापमान पाठवत होतं. अठ्ठावीस म्हणजे तापमान. मी कोड बदलला, बांधायला लावलं. या वेळी ‘बिल्ड सक्सेस’ आलं. आम्ही दोघं त्या दोन शब्दांकडे बघत राहिलो, मग मी नवा प्रोग्राम केंद्राच्या कॉम्प्युटरवर टाकला. 

“जमलं का?” आक्कांनी विचारलं.

“दूध आल्यावर कळेल,” मी म्हणाले.

संध्याकाळचं दूध यायला लागलं. पहिली किटली शेजारच्या एका काकूंची. काट्यावर वजन आलं, मशीनने दूध ओढलं, छपाईचा आवाज झाला. आक्कांनी पावती फाडली, बघितली आणि काकूंना न देता भावापुढे धरली.

“वाच बाबा. तूच वाच.”

मला ते आवडलं नाही. लोकांसमोर असं कशाला, असं वाटून मी पुढे झाले. पण त्याने पावती घेतली होती.

“म्हैस,” तो म्हणाला. मग थांबला. रांगेत माणसं वाढली होती, मोटारसायकली उभ्या होत्या. कुणी शब्द पुरवला नाही. काकू किटलीचं झाकण हातात धरून त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. “फॅट. सहा... सहा पॉइंट... आठ.”

“बरोबर हाय,” काकू म्हणाल्या. “आमची म्हस सहाच्या खाली कधी जात न्हाय.”

आक्कांनी पावती काकूंना दिली आणि पुढच्याला हाक मारली. त्या संध्याकाळी केंद्र बंद होईपर्यंत पावत्या त्यानेच वाचल्या. काही आकडे चुकले, तेव्हा ज्याचं दूध त्यानेच दुरुस्त केले. कुणी हसलं नाही. उशीर होतोय असंही कुणी म्हणालं नाही.

कंपनीने बरेच दिवस त्याची जागा धरून ठेवली. पण दिवसभर मीटिंगांमध्ये बोलणं आता व्हायचं नाही हे त्यानेच ठरवलं, राजीनामा मला लिहायला लावला आणि सही डाव्या हाताने केली. तो हाताने बसवलेला भाग आम्ही कोडाबरोबरच ठेवून दिलाय, म्हणजे कॉम्प्युटर बदलला तरी अडायचं नाही. बावड्याच्या एका केंद्रानेही तोच प्रोग्राम मागितला, त्याचं काम सध्या चालू आहे. टाइप मी करते, चूक तो शोधतो. स्पीच थेरपीच्या बाई आता त्याच्याकडून मेवनचे चूक दाखवणारे संदेश मोठ्याने वाचून घेतात. त्यांना त्यातलं काही कळत नाही, पण त्याची जीभ तिथे कमी अडखळते.

छोटी वाक्यं येतात. अजून शब्द हुकतात. काल काम करता करता त्याने चहा मागितला. मी आलं घालून करून आणला. कप बघून त्याने कपाळाला हात लावला. शब्द हुकला होता, हवं होतं पाणी.

“पाणी आणू?” मी विचारलं.

“राहू दे,” तो म्हणाला. “चांगला झालाय.” आणि फुंकर मारून प्यायला लागला.