पडघ्याला थांबून पाणी बघ

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीही नाही—आणि तिच्यापासून माझी बिडीसुद्धा कधी लपली नाही. मग आता का सांगतोय? खरंच कळत नाही.

नारपोलीत माझं ट्रकचं गॅरेज होतं. ड्रायव्हर लोक मला मिस्त्री म्हणायचे, आणि मला ते फार आवडायचं. स्वभाव तापट. कामात कुणी नाक खुपसलं की माझं डोकं फिरायचं.

रफिक माझा दोस्त. लूमचं कापड मालकाच्या ट्रकने नाशिकला न्यायचा. त्या दिवशी त्याच्या गाडीचा वॉटर पंप गळत होता. मी नवा बसवला आणि रेडिएटरमध्ये कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, भरायला घेतलं. भरताना आत हवा अडकते. म्हणून इंजिन चालू ठेवायचं, झाकण उघडं ठेवायचं, बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहायचं. तरी थोडी हवा राहतेच, आणि मग पाणी कमी पडून चढावर इंजिन तापतं. म्हणून निघताना प्रत्येक मिस्त्री ड्रायव्हरला सांगतो—घाट लागायच्या आधी पडघ्याला थांब, इंजिन गार होऊ दे, मग पाणी बघ. आमच्याकडे ती रीतच आहे.

रफिक गॅरेजातल्या सगळ्यांसमोर हसत म्हणाला, "मिस्त्री, हवा बराबर निकालना हां, नहीं तो घाट में मेरी भाप निकलेगी!"

सगळे हसले. मी नाही. बुडबुडे अजून येत होते—मी झाकण लावून टाकलं.

"भरोसा नसल तर दुसरीकडं जा."

त्याचं तोंड एवढंसं झालं. माफी मागून तो निघाला. आणि मी पडघ्याचं सांगितलं नाही. विसरलो का? नाही. मुद्दाम सांगितलं नाही.

तेव्हा मोबाइल नुकते आले होते. दोघांकडेही होते. तो पडघ्याला पोचला असेल तेव्हा मी त्याचा नंबर काढला. शहापूर मागे पडलं असेल तेव्हा पुन्हा काढला. बोट बटणावर—आणि मनात काय, तर आधी फोन त्याने करावा. कसला माज होता हा?

कसाऱ्याच्या घाटात इंजिन तापलं. मागे गाड्या खोळंबल्या, हॉर्न वाजायला लागले. त्याने घाईत फडक्याने झाकण फिरवलं. उकळतं पाणी तोंडावर उडालं. उजवा डोळा गेला.

ट्रकमालक विचारायला आला. मी सरळ सांगून टाकलं.

"मी सांगितलं होतं, पडघ्याला थांब. त्यानं ऐकलं न्हाय."

मालकाने लगेच विश्वास ठेवला. सगळेच मिस्त्री सांगतात, मी कसा सांगणार नाही? चूक ड्रायव्हरची ठरली, आणि दवाखान्याच्या खर्चातून मालकाने हात काढून घेतला.

मी रफिकला भेटायला गेलो. खरं सांगायचं ठरवूनच गेलो होतो—निदान तसं मला वाटत होतं. त्याची अम्मी उशाशी बसली होती. पट्ट्यांच्या आडून तो म्हणाला, "शेठ बोला, तूने रुकने को बोला था. मेरे को कुछ याद नहीं यार. बोला था क्या?"

अम्मी माझ्याकडे बघत होती.

"हां," मी म्हटलं. "बोला था."

"फिर तो मेरी ही गलती."

आता तो नाक्यावर टपरी चालवतो. नवा ड्रायव्हर दिसला की त्याला बसवून सांगतो, मिस्त्रीचं ऐकत जा, मी ऐकलं नाही. मी बाजूलाच उभा राहून ऐकतो.