गाळा नंबर नऊ आणि बाबांचा उजवा पाय

मी जर्मनीला निघाले तो शुक्रवार होता. मुलुंडच्या आमच्या इंडस्ट्रियल इस्टेटला शुक्रवारी सुट्टी, म्हणून बाबा घरी होते. नाहीतर मुलीच्या विमानासाठी त्यांनी खाडा केला असता का, याची मला आजही खात्री नाही. रिक्षा दारात उभी, आई बॅगेवर गुडघा ठेवून चेन ओढतेय, आणि बाबा म्हणाले, "जाता जाता पाच मिनिटं गाळ्यावर थांबू. पोरं वाट बघतायत." आई जी भडकली! पण थांबलो.

नऊ नंबरच्या त्या गाळ्यात बाबा पॉवर प्रेसवर डब्यांची झाकणं काढायचे. पत्रा सरकवायचा, उजव्या पायाने पेडल दाबायचं, धाड्. पंचवीस वर्षं हेच. शुक्रवारी मशिनं बंद असली की शेठ आमच्या बिल्डिंगमधल्या पोरांना गाण्याच्या सरावाला गाळा वापरू द्यायचे, एका अटीवर: किल्ली बाबांकडे आणि बाबा शेवटपर्यंत तिथेच बसणार. म्हणजे आठवड्याची एकुलती एक सुट्टी बाबा पुन्हा त्याच गाळ्यात काढायचे, उलट्या ठेवलेल्या पिंपावर, हातात पेपर धरून. विक्या गायचा, बाळ्या ड्रम वाजवायचा आणि त्यांचा मित्र मेल्विन मढहून आधी बोट, मग दोन बस बदलत गिटार घेऊन यायचा. बँडला नाव शोधायची वेळच आली नाही. गाळा नंबर नऊ.

गाणं कसं झालं हे बाबांना विचारून उपयोग नसायचा. ते सगळ्यालाच "छान" म्हणायचे. मग एकदा बाळ्याच्या लक्षात आलं की गाणं खरंच जमलं असेल तर काकांचा उजवा पाय आपोआप जमीन दाबायला लागतो, पेडल दाबल्यासारखा. तेव्हापासून तोच कायदा झाला. पाय हलला तर गाणं पास. नाही हलला तर विक्या वहीचं पान फाडायचा आणि दोन दिवस कुणाशी बोलायचा नाही. मी बाबांच्या शेजारी बसायचे, "पास!" ओरडायचं काम माझं. माझाही पाय चालूच असायचा, पण माझ्या पायाला कोण विचारतो?

त्या शुक्रवारी त्यांनी माझं आवडतं गाणं वाजवलं. मी म्हटलं, दोन वर्षांत येते. विक्या म्हणाला, "जा गं, झकास राहा. पण विसरू नको यार." गेली नऊ वर्षं मी ते वाक्य बरोबर घेऊन फिरतेय.

बाबा स्वतः अकोल्याकडून एका पत्र्याच्या पेटीनिशी मुलुंडला आले होते. ते म्हणायचे, "गाव सोडलं की सहा महिने रडायचं, मग रेशन कार्ड काढायचं." माझं उलटं झालं. पत्त्याची नोंद, तिकडे तिला आनमेल्डुंग म्हणतात, ती पहिल्याच आठवड्यात झाली आणि रडायचं नंतरसाठी राहिलं. मी वृद्धाश्रमात नर्स आहे. काम आवडतं, माणसं सरळ आहेत, पगार वेळेवर होतो. तक्रार नाही. पण जर्मनीत शांततेचा कायदा आहे, रूहेत्साइट. रविवारी तर दिवसभर. एका रविवारी मी हेडफोन लावून गाळा नंबर नऊ ऐकत होते. थोड्या वेळाने खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या आणि अतिशय नम्रपणे म्हणाल्या, तुमच्याकडे काही दुरुस्ती चालू आहे का? लाकडी जमिनीवर माझा पाय चालू होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून मी घोट्यावर घोटा टाकून बसायला शिकले. घरी, ट्रेनमध्ये, स्टाफरूममध्ये. नऊ वर्षांत ते अंगवळणी पडलं.

इकडे बँड मोठा होत गेला. अंधेरी, मालाड, मग पुणे, दिल्ली. मी फोनवर बघायचे आणि कौतुकाने सहकाऱ्यांना दाखवायचे. बाबा कॉलवर सांगायचे, "पोरांनी नवीन गाणं आणलं. पास केलं." मी दोनदा आले, दोन्ही वेळा बँड बाहेरगावी. यंदा मात्र मुलुंडच्याच मैदानावर कार्यक्रम, संध्याकाळी पाचला, आणि मी घरी. आदल्या दिवशी विक्याचा फोन आला. "ऐक ना, एक नवीन गाणं आहे, कुणालाच ऐकवलं नाही. काकांना डायरेक्ट स्टेजवरून ऐकवणार. पाय हलला तर रेकॉर्ड, नाहीतर कॅन्सल. आणि तू पुढे बस हां, पाहुण्यासारखी मागे नको उभी राहू."

पाहुण्यासारखी. तो सहज बोलला, मला मात्र टोचलं. तीच तर भीती होती.

मैदानात सगळ्यांनी उभं राहायचं होतं. बाबांनी साडेतीनलाच आमच्या बुद्धविहारातल्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणून स्टेजसमोर मांडल्या होत्या आणि माझ्या खुर्चीवर रुमाल टाकून जागा धरली होती. सिक्युरिटीवाला म्हणाला, "काका, इथे उभं राहून बघायचं असतं." बाबा म्हणाले, "तुम्ही राहा ना उभे, मी कुठे नको म्हणतो?"

आणि मग ते वाजवायला लागले. काय सांगू! बाळ्या अजूनही प्रेसचाच ठेका धरतो: पत्रा सरकवायला लागते तेवढी शांतता, मग धाड्. मेल्विनची गिटार पूर्वी घाईत असायची, आता एकेक सूर थांबून, विचार करून येतो. विक्याचा आवाज खरखरीत झालाय, खोल गेलाय, आणि त्यात कसलाही दिखाऊपणा नाही. कॉलेजची पोरं, त्यांच्या आया, सगळे तोंडपाठ मराठीत गात होते. माझ्या डोळ्यांना धार लागली. अभिमानाने नुसती फुटायची बाकी होते मी. तिसऱ्या गाण्याला सहज खाली बघितलं, तर माझे पाय खुर्चीखाली घोट्यावर घोटा, गपगार.

तेवढ्यात बाबा माझ्या कानाशी आले. "कोणतं गाणं चाललंय?"

मला वाटलं, गंमत करतायत. मी मोठ्याने नाव सांगितलं. ते म्हणाले, "दोन-तीन वर्षं झाली, शब्द कळत नाहीत. नुसती घरघर येते." प्रेसने कान नेले होते आणि मला ना फोनवर कळलं ना घरी, कारण बोलायचे तेच, मी नुसती हं हं करायचे.

"मग गाणी पास कशी करता?" मी त्यांच्या कानाशी ओरडले.

"गाळ्यावर ऐकायला जमतात त्या लोकांचे पाय बघतो. आठ-दहा चालू झाले की माझा सुरू करतो."

"पोरांना सांगितलंत?"

"वेडी का तू? सांगितलं तर विचारायचे बंद होतील."

मी काही बोलणार, तोच विक्या माइकवर म्हणाला, "काका, तयार?" नवीन गाणं सुरू झालं आणि तिथेच घोळ झाला. काकांच्या पायाचा कायदा आता सगळ्या मुलुंडला माहीत. त्यामुळे पुढच्या रांगा जागच्या जागी थिजल्या, माना वाकवून बाबांचा पाय बघत. एकाचाही पाय हलेना. बाबांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मग माझ्या पायांकडे बघितलं.

मुद्दाम हलवायचा नाही, हे मी ठरवलं. खोटं पास केलेलं गाणं विक्याला नको असतं, आणि मलाही नको होतं. गाणं होतं अर्धं शटर वर करून कुणाची तरी वाट बघणाऱ्या माणसाचं. पहिलं कडवं नुसत्या गिटारवर गेलं. माझे घोटे तसेच. बाबांच्या कपाळावर घाम. दुसऱ्या कडव्यात बाळ्या आत आला. शांतता, मग धाड्. पुन्हा शांतता. माझे घोटे कधी सुटले मला कळलं नाही. कळलं ते एवढंच की माझी टाच त्या मातीत दाबली जातेय आणि अर्ध्या ठोक्याने मागून शेजारची चप्पलही.

"पास!" मी ओरडले. नऊ वर्षांनी, तेवढ्याच जोरात. सगळं मैदान उसळलं.

मला जर्मनीला परत येऊन काही महिने झाले, उद्या सकाळची शिफ्ट आहे. तुमच्यातले जे तिथेच राहिलात त्यांना वाटतं आम्ही विसरलो, आणि जे माझ्यासारखे निघालात त्यांना वाटतं आपल्यावाचून तिकडे काही अडत नाही. मलाही तसंच वाटायचं. विक्या, तू हे वाचत असशील तर कृपा करून तोंड बंद ठेव आणि काकांना विचारत राहा. मी एक जाड गालिचा आणलाय, दुहेरी घडी करून खुर्चीखाली घातलाय. तुझं नवीन गाणं आलं की मी हेडफोन लावते, बाबांना व्हिडिओ कॉल करते आणि फोन खाली पायाशी उभा करून ठेवते. तिकडे मुलुंडला बाबा चष्मा लावून माझा पाय बघत बसतात.