तीन पायांचा वाटाणा

काळजी करण्यात माझ्या बायकोच्या मामांचा हात धरणारा माणूस अख्ख्या संगमनेरात सापडला नसता. शाळेत विज्ञान शिकवायचे आणि जन्मभर लिंबूटिंबूच्या बाजूने. कुस्तीत काडीपैलवानाला टाळ्या, निवडणुकीत हमखास पडणाऱ्याला मत! रेडिओच्या पोटातले ते वाटाण्याएवढे, तीन पायांचे ट्रान्झिस्टर तेव्हा एकच बडी कंपनी विकायची. पुण्यातला एक चिमुकला कारखाना तिच्याविरुद्ध उभा राहिला, आणि मामांनी मामींच्या पाटल्या मोडून त्याचे शेअर घेतले. "अगं, त्या थोरलीला कुणीतरी टक्कर द्यायला नको?" "द्या की. पण त्यासाठी माझेच हात कशाला ओके करता?" मामी म्हणाल्या.

झालं, त्या दिवसापासून मामांच्या जिवाला स्वस्थता नाही. पेपरात इतक्या लहान कंपनीचा भाव कोण छापतो? मग तिची तब्येत बघायची रीत त्यांनी स्वतःच काढली. आधी घरच्या, मग आळीतल्या, मळ्यातल्या रेडिओंतून बड्या कंपनीचा एकेक ट्रान्झिस्टर काढून, त्या जागी आपल्या कारखान्याचा फुकटात झाळून बसवला. रोज सकाळ-संध्याकाळ फेरी. "वाजतोय ना? खरखर नाही ना?" शेजारचा रेडिओ गप्प झाला की मामांचा घास हातातच राहायचा. मला हसू यायचं, आणि खोटं कशाला सांगू, मीही कान देऊन ऐकायचो. एकदा विलायतेतल्या मॅचची कॉमेंट्री ऐन रंगात आलेली, जिंकायला चार-पाच धावा हव्यात, तोच मळ्यातले तात्या धापा टाकत आले. "मास्तर, रेडू पार मुका झाला वो!" मामा अनवाणी धावले. रेडिओ उघडला आणि मटकन खालीच बसले. "तात्या, अहो, सेल संपलेत!"

"आसं व्हय! मला वाटलं, तुमची कंपनीच बुडाली."

कंपनी पुढे खरंच बुडाली. बडीने भाव इतके पाडले की धाकटीला कच्चा मालही परवडेना. कारखाना बंद झाल्याचं पत्र आलं तेव्हा मी तिथेच होतो. मामांनी ते वाचून सदऱ्याच्या खिशात घातलं, आणि दोन दिवस मामींकडे मान वर करून पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता मामीच म्हणाल्या, "अहो, सदरा धुताना पत्र वाचलं मी. बातम्यांची वेळ झाली, रेडिओ लावा. आपला वाजतोय ना अजून?"

मामांनी बटण फिरवलं. वाजला.

आता दोघंही नाहीत. तो रेडिओ बायकोने आमच्याकडे आणलाय. मधूनच गप्प होतो, तेव्हा आता माझा घास हातातच राहतो, आणि मी घाईघाईने आधी सेल बघतो.