बायनाबाईचं भरलेलं मडकं

तुम्ही दान देता ना? मग मला एवढंच सांगा, ज्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटली नव्हती, त्या दिवशी तुम्ही काय दिलं होतं?

राग येईल. येऊ द्या. मी शाळेत शिकून लिहिता झालेलो नाही. तहसीलच्या फाटकापुढं बसून, भज्यांच्या पुड्यांचे कागद वाचत अक्षरं शिकलो, त्यामुळं गोड लिहिणं मला जमत नाही. पण बायनाबाईवर दुसरं कुणी लिहिणार नाही. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या अहवालात तिच्यावर एक ओळ आली, 'एक निष्ठावंत भगिनी प्रभूमध्ये झोपी गेली.' ते खोटं नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं मी सांगतो.

वडवणीहून बीडकडं निघालं की कडुलिंबांच्या मागं पत्र्याची घरं दिसतात, ती आमची वस्ती. सगळे ख्रिस्ती. आमच्या आजोबांना मिशनच्या लोकांनी प्रार्थना दिली, औषध दिलं, अक्षर दिलं. जमीन मात्र कुणीच दिली नाही. म्हणून दसरा झाला की घरांना कुलपं लागतात आणि नवराबायको कोयता घेऊन लांबच्या साखर कारखान्यांवर ऊस तोडायला जातात. मागं उरतात बहुतेक म्हातारी, आंधळी, लुळी. पार उन्हाळा लागेपर्यंत त्यांच्याकडं बघायला देव आणि कुत्री.

या मागं उरलेल्यांसाठी आमच्यात एक रीत होती. तिला आम्ही नुसतं 'मूठ' म्हणतो. बाई चुलीला काडी लावते, आणि परातीत पीठ घ्यायच्या आधी मूठभर ज्वारी कोपऱ्यातल्या मडक्यात टाकते. ती मूठ देवाची. एकदा मडक्यात पडली की घरातल्यानं तिला हात लावायचा नाही, लेकरू रडलं तरी नाही. शनिवारी मंडळीचा पंच पोतं घेऊन दारोदार फिरायचा, मडकी रिती करायचा, आणि रविवारच्या प्रार्थनेनंतर ते धान्य ज्याच्याकडं नाही त्याच्या दारात जायचं. गाजावाजा नाही. आणि मडक्यावरून पंचाला घर कळायचं. मडकं भरलेलं म्हणजे चूल पेटतेय. मडकं रितं म्हणजे घर उपाशी आहे. मग पंच काही विचारायचा नाही, उलट पायलीभर ज्वारी उंबऱ्यात ओतून पुढं जायचा.

बहात्तरच्या दुष्काळात बायनाबाईचा नवरा खडी फोडताना गेला. पोरगं, सुग्रीव, अंगावर पीत होतं आणि अंगात दूध नव्हतं. तिचं मडकं रितं दिसलं आणि उंबऱ्यात ज्वारी पडत गेली. कुणाची, ते तिला कधी कळलं नाही. ती म्हणायची, "कुणाची म्हणून इचारू? सगळ्या वस्तीचीच व्हती. माझं लेकरू सगळ्यांच्या तोंडातला घास खाऊन मोठं झालंय."

तेव्हापासून तिचा हात कधी आखडला नाही. वडवणीच्या बाजारात ती बोरं विकायची. एकदा मी तिथंच रोजगार हमीच्या कामावरून भाषण ठोकत होतो, घसा बसलेला. भाषण संपल्यावर ती ओंजळभर बोरं घेऊन पुढं आली.

"घे रे. लई वरडलास. नरडं वाळलं असंल."

"मावशी, फुकट नको."

"फुकट कावून? उद्या माझ्यासाठी वरडशील की."

ते वाक्य ती हसत बोलली होती.

नव्वदीच्या पुढं सगळंच बदलत गेलं. रेशनची नवी पाहणी झाली तेव्हा हाताशी कमावता पोरगा आहे म्हणून बायनाबाईचं नाव गरिबांतून गळालं. तो पोरगा वर्षातला निम्मा काळ उसाच्या फडात असतो, हे लिहायला त्या कागदावर जागा नव्हती. आणि आमच्या मंडळीला फरशी सुचली. शहरातल्या प्रार्थनामंदिरात चकचकीत फरशी होती, माईक होता. नव्या पाळकसाहेबांनी बैठक घेतली आणि सांगितलं, आता मुठीचं धान्य विकून मंदिराचं काम करू, वस्तीला शोभा येईल. माणसं माना डोलवत होती. मागं बसलेली बायनाबाई म्हणाली, "साहेब, देवाच्या पायाला गार लागतंय व्हय शेणाच्या जमिनीवर?"

सगळे हसले. पाळकसाहेबही हसले. ठराव मंजूर झाला.

तिनं मूठ बंद केली नाही. मी तिला म्हणालो होतो, देऊ नकोस, फरशीला कशाला देतेस. ती म्हणाली, "मी फरशीला देत न्हाई. मी ज्याला देते त्याला ठावं हाय."

अठ्ठ्याण्णवच्या दसऱ्यानंतर सुग्रीव बायकोला घेऊन कारखान्यावर गेला. मुकादमाची उचल घेतली होती; फड सोडून पळालेल्याला मुकादमाची माणसं गाडीला बांधून मारतात, हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत आहे. जाताना त्यानं आईला ज्वारीचं एक पोतं भरून दिलं. एका म्हातारीला ते पुरलं असतं. पण शेजारच्या घरात तात्याबा होता, डोळ्यानं आंधळा, आणि त्याच्या उंबऱ्यात आता कुणी ज्वारी ओतत नव्हतं. ती ज्वारी आता फरशीकडं निघाली होती. मग बायनाबाईनं स्वतःच्या पोत्यातून त्याला भाकरी घातली. तो एकटाच नव्हता. वरच्या आळीची एक लुळी बाई होती, आणि वाटेनं जाणारं येणारं कुणीही.

पोतं खाली बसत गेलं. मडकं मात्र दर शनिवारी भरलेलं.

त्या साली पंच होता धर्मराज. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगतो. वाईट असता तर हे सगळं सोपं झालं असतं. पौषातल्या एका शनिवारी तो तिच्या दारात आला.

"काकू, हाय का घरात?"

"जाते कुठं? तुझ्या दुसऱ्या लग्नाला?"

"वाळलीस गं लई."

"आता मेल्या, या वयात बाळसं धरू का?"

ती चौकट धरून उभी होती. धर्मराज उंबऱ्यातूनच वाकला, कोपऱ्यातलं मडकं ओढलं आणि पोत्यात रितं केलं. म्हणाला, "तुझ्या मडक्याला कधी खोट न्हाई बघ. मागं ऱ्हायलेल्या तरण्या सुनांची मडकी निम्मी येत्यात."

"देवाचं हाय. त्यात कशी खोट यील?"

तो हसत पुढं गेला. तेव्हा तात्याबा वस्तीत नव्हता. मांजरसुंब्याला त्याचा जावई ढाब्यावर भांडी घासायचा. लेक येऊन त्याला घेऊन गेली होती. म्हणजे ज्याच्यासाठी निदान एक भाकरी थापावी म्हणून चूल पेटायची, तोही गेला. पोत्याच्या तळाला जे काय दाणे राहिले होते, ते ती एक एक मूठ करून मडक्यात टाकत होती.

त्याच आठवड्यात सुग्रीवचा फोन आला. वडवणीच्या स्टँडजवळ ईश्वरप्पाचं किराणा दुकान होतं, तिथं फोन होता. आमच्या वस्तीचा निरोप तिथंच यायचा, ईश्वरप्पा पोऱ्या धाडून बोलावून घ्यायचा. धर्मराज गेला. बोलणं झालं ते त्यानं नंतर मला स्वतः सांगितलं, शब्द न गाळता.

"दादा, आई कशी हाय? सपनात आलती. काई बोलंना नुसती. मी यीऊ का? मुकादमाच्या पाया पडतो, दोन रोज सोडतो म्हनला तर येतो."

"येडा का खुळा तू? मडकं गळ्याबरोबर भरलंय तिचं. आत्ता शनवारी बघितलं. चूल पेटल्याबिगर मूठ पडती का?"

"तू सोता बघितलं?"

"या हातानं रितं केलं. तू ऊस तोड गपगुमान."

सुग्रीव आला नाही.

पुढच्या शनिवारी धर्मराजनं हाक मारली तेव्हा आतून टोमणा आला नाही. बायनाबाई गोधडीवर पडलेली होती, भिंतीकडं तोंड करून. अंग आधीच गार झालेलं. कोपऱ्यात मडकं होतं. भरलेलं.

माती द्यायला सुग्रीवसाठी थांबलो. तो उसाच्या ट्रकमधून, मग एसटीनं आला, अंगावर पाचटाचे ओरखडे घेऊन. बायका रडत त्याला सांगायला लागल्या, काई कमी न्हवतं रे तिला, बघ, मडकं बघ. त्यानं मडक्याकडं बघितलं नाही. आईच्या तोंडावरची चादरही काढली नाही. तो सरळ चुलीजवळ जाऊन उकिडवा बसला. चुलीच्या तोंडाला कोळ्यानं जाळं धरलं होतं. त्यानं ते हातानं बाजूला केलं आणि राखेत हात घातला. राख दबून घट्ट झालेली.

"दादा," तो धर्मराजला म्हणाला, "हितं यी. घाल हात."

धर्मराजनं हात घातला.

"गार हाय?"

धर्मराजनं हात बाहेर काढला. राखेनं भरलेला तो हात कुठं पुसावा हे त्याला कळत नव्हतं.

तात्याबा मातीला आला होता, लेकीच्या खांद्यावर हात ठेवून. कबरीशी तोच बोलला. म्हणाला, "मी रोज इचारायचो, बायने, तू जेवलीस का? म्हनायची, तुझ्या आधी. आंधळ्याला काय दिसतंय? एकदा मी म्हनलो, मडक्यात मूठ नको टाकू, दोन आठवडं रितं ऱ्हाऊ दे, धर्मराज समजंल. तर म्हनली, त्यो समजंल, सुग्रीवला कळवंल, आन् माझं लेकरू फड सोडून पळत यील. मुकादम त्याला जिता ठेवील का? आन् देवाच्या मुठीवर वाढलेलं लेकरू, त्याच्यापायी देवाची मूठ मोडू का? मडकं भरलेलं दिसू दे, तात्याबा. सगळी सुखी ऱ्हातील."

सगळे सुखी राहिले. ती सोडून.

तिनं सांगितलं होतं ना, उद्या माझ्यासाठी ओरडशील. मी ओरडलो. वस्तीतली उरलेली माणसं घेऊन तहसीलला गेलो, बायनाबाई उपासमारीनं मेली असं लिहा म्हणालो. साहेबानं तलाठ्याचा पंचनामा पुढं सरकवला.

"घरात ज्वारीनं भरलेलं मडकं मिळालंय. खाली तुमच्याच लोकांच्या सह्या आहेत. भूकबळी कसा?"

"साहेब, ते देवाचं होतं."

"देवाचं धान्य वेगळं आणि घरचं वेगळं, असं मला लिहिता येत नाही."

मी टेबलावर हात आपटला. हवालदारानं मला दंडाला धरून बाहेर काढलं. दप्तरी मृत्यूचं कारण 'वृद्धापकाळ' लागलं, आणि ते आजही तसंच आहे. मी अर्ज करकरून थकलो. तिचं मडकंच तिच्या विरुद्ध साक्ष देतंय, त्याला मी काय करू?

फरशी बसली. उद्घाटनाला शहरातून मोठे पाहुणे आले. त्यांनी आपल्या उपदेशात बायनाबाईचा दाखला दिला. म्हणाले, तिच्यासारखं द्यायला शिका, देणाऱ्याला प्रभू कधी उणं पडू देत नाही. लोक आमेन म्हणाले. सुग्रीव मागच्या बाजूला उभा होता, त्या नव्या फरशीच्या कडेला, चप्पल हातात धरून. तो पुढं येऊन बोलेल असं मला वाटलं. तो बाहेर गेला, बस. पुढच्या दसऱ्याला पुन्हा कोयता घेऊन गेला. घराला कुलूप आहे.

मला पुष्कळजण म्हणतात, तू तिच्या दानाला नावं ठेवतोस. नाही ठेवत. मी पुष्कळ लोकांचं दान बघितलंय, पाटीवर नाव कोरलेलं, फोटो काढलेलं. तिच्यासारखं देणं मी दुसरं बघितलेलं नाही आणि बघायची हिंमतही राहिलेली नाही. ज्याचं नाव आपण घेतो त्यानं वधस्तंभावर स्वतःला दिलं, तसं तिनं दिलं. पण ते घ्यायला जो आला, तो उंबऱ्याच्या आत आला नाही. आपली सगळी मंडळी त्या उंबऱ्यापाशी उभी होती, मडक्यात बघत.

धर्मराजनं पंचपद सोडलं. आता एक तरणा गडी मोटारसायकलवर येतो. खाली उतरत नाही, हॉर्न वाजवतो, बायका मडकी बाहेर आणून देतात. माईक झाला, आता कुंपणाची भिंत चाललीय. तात्याबाही गेला. हे थांबेल असं मला वाटत नाही. मी लिहिल्यानं तर नाहीच.

तरी तुम्ही इथवर वाचलंत, म्हणून एक मागतो. येत्या शनिवारी तुमच्या मंडळीतल्या एखाद्या म्हातारीच्या दारात देवाचा वाटा घ्यायला गेलात, तर मडक्याला हात लावू नका. आधी आत जा, चुलीपाशी बसा, आणि राखेत हात घालून बघा.