लेकीचा तळहात

लेक उद्या राजीनामा देणार, या काळजीने मला झोप नाही. गंमत म्हणजे सहा वर्षं मी तिच्यामागे हाच लकडा लावला होता.

ती भाजलेल्यांच्या वॉर्डात नर्स आहे. रुग्ण आला की अंग किती भाजलं ते आधी ठरवायचं. सलाइन त्यावर अवलंबून. रुग्णाचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे त्याच्या अंगाचा एक टक्का. मागे किटलीतलं पाणी माझ्या मनगटावर सांडलं, तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं. तिने माझा पंजा कागदावर आखला, तो कागद कापला आणि जखमेच्या वर धरला.

"अर्धा टक्का, आई. तोही ओढूनताणून."

"दुखतंय मात्र शंभर टक्के."

"त्याचं माप आमच्याकडे नाही."

परवा जेवताना ती म्हणाली, "चार वर्षांचं पोर होतं. गडबडीत मी त्याच्याऐवजी माझ्याच तळहाताने मोजलं. पाच टक्के लिहिले. होते बारा."

लहान पोराला दहाच्या वर गेलं की सलाइन लावावंच लागतं, ते तासभर उशिरा लागलं. डॉक्टरांनी पुन्हा मोजलं म्हणून निभावलं. पोर आता खेळतंय.

"डॉक्टर ओरडले?"

"नाही ना. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी सोडते नोकरी."

आणि मी, शहाणी, तिचं वाक्य संपायच्या आत "सोड बाई" म्हणाले. वर तिच्या ताटात आणखी वाढलं, जणू ती पास झाली होती. बहिणीलाही लगेच कळवून मोकळी झाले.

आज तिचा गणवेश धुवायला काढला, तर खिशात पाच कार्डं निघाली. प्रत्येकावर एक चिमुकला पंजा आखलेला, त्याच पोराचा असणार, आणि खाली तिच्या अक्षरात, 'आधी पेशंटचा हात बघा.' वर दोरीसाठी भोक. खाटांना अडकवायची असावीत. नोकरी सोडणारं माणूस भोकं पाडत बसत नाही, एवढं मलासुद्धा समजतं.

ती आत्ता ड्यूटीवर आहे. वॉर्डात फोन करायला मला सक्त मनाई आहे, कारण तीन वेळा मी तिथे 'डबा खाल्लास का' एवढंच विचारलं होतं. आज चौथ्यांदा करते. कार्डं घरी राहिलीत हे सांगते, आणि परवाचं 'सोड' मी परत घेते, हेही.