काढून टाकलेल्या दिव्यांचा आवाज

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. कुवेतच्या सरकारी इस्पितळात मी बारा वर्षं एक्स-रे काढतोय. माणसाच्या आत काय असतं ते रोज पाहतो. आत्मा अजून एकाही फिल्मवर उमटलेला नाही. तरी हे लिहितोय, कारण त्या शुक्रवारी दुपारी जे ऐकलं ते मी एकट्याने ऐकलेलं नाही...

आमचे विभागप्रमुख डॉक्टर साने यांना जपानी स्पोर्ट्स कारचा शौक. त्यांनी जुनी वन-एटी घेतली आणि तिला सिल्व्हिया या दुसऱ्या मॉडेलचं तोंड बसवायचं ठरवलं. अशा जोडगाडीला शौकीन लोक सिलेटी म्हणतात. काम केलं सुलैबिया भागात गॅरेज चालवणाऱ्या हनीफभाईंनी – मूळचे दापोलीकडचे, पत्र्याचे कारागीर. डॉक्टर दर शुक्रवारी यायचे, गाडीसोबत फोटो काढून घ्यायचे, चहा पिऊन जायचे. मी थांबायचो, बॉनेट धरायला.

वन-एटीचे दिवे झाकलेले असतात. बटण दाबलं की छोट्या मोटरवर वर येतात. या गाडीचा उजवा आधी यायचा – घुर्र, टक. डावा दोन-तीन सेकंदांनी.

"डावा सरकारी नोकरीत आहे, साहेब," हनीफभाई मला म्हणायचे. "तुमच्यासारखा."

सिल्व्हियाच्या तोंडाला साधे, जागच्या जागी बसणारे दिवे. म्हणून त्या दोन्ही मोटर्स काढल्या. स्क्रू मी काढले, भंगारवाल्याच्या हातातही मीच दिल्या.

त्याच सुमाराला हनीफभाईंचं गॅरेज बंद व्हायला आलं. महिन्याभरात नवा कफील, म्हणजे कागदोपत्री जामीन राहणारा इथला मालक, मिळाला नाही तर इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपणार आणि पंचविशीत इथे आलेला माणूस साठीला टेकताना कायमचा परत. डॉक्टर म्हणाले, "कार शोला शुवैखचे मोठे गॅरेजवाले येतात. तुमचं नाव मी स्वतः सांगतो."

शोमध्ये लाल गालिचा होता, फीत होती, फितीपेक्षा लांब भाषणं होती. शुवैखच्या एका गॅरेजचे मालक अबू फहद आमच्या गाडीपाशी थांबले. बॉनेटच्या कडेच्या फटीवरून त्यांनी सावकाश बोट फिरवलं.

"ये किसने बनाया? मेरे को ऐसा आदमी चाहिए."

डॉक्टर हसले. "मैंने. खुद. थ्री मंथ्स."

हनीफभाई फडकं घेऊन मागे उभे होते. गिऱ्हाइकाला चारचौघांत खोटं पाडायचं नाही, हा त्यांचा धंद्यातला नियम. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं.

आणि गाडीतून आवाज आला. घुर्र... टक.

इंजिन बंद, किल्ली डॉक्टरांच्या खिशात. आम्ही चौघेही गाडीकडे बघत राहिलो. माझ्याकडे दोन-तीन सेकंद होते. एवढंच म्हणायचं होतं – हे यांनी बनवलंय. माझं वार्षिक अप्रेजल डॉक्टरांच्या टेबलावर पडलं होतं.

घुर्र... टक. डावा.

अबू फहदनी बॉनेट उघडायला लावलं. आत ना मोटर, ना वायर. "ये तो पुराना लाइट का आवाज है," ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "तुमको कुछ मालूम?"

"नहीं," मी म्हणालो.

डॉक्टरांना शील्ड मिळालं. हनीफभाई पुढच्या महिन्यात कायमचे परत गेले. विमानतळावर मी त्यांना विचारलं, "तो आवाज कसला असेल हो?"

ते बॅगेचा पट्टा आवळत होते. "आवाजाचं सोडा, साहेब. मला वाटलं होतं तुम्ही बोलाल."

आवाजाचं कोडं मला आजही सुटलेलं नाही. कोणाला सुचलं तर जरूर कळवा. मी गप्प का बसलो, हे मात्र कुणी कळवायची गरज नाही.