वन्संचा मासा

आमच्या वन्संइतका मासा अख्ख्या नगर जिल्ह्यात कुणाला कळत नसेल, आणि त्यांनी उभ्या जन्मात मासा तोंडात घातलेला नाही. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. नगरला एका तंत्रनिकेतनात यंत्रं शिकवतात. कोपरगावला भाच्याच्या लग्नाला गेलो, तर अक्षता पडायच्या वेळी या बाई पैठणी खोचून गोदावरीच्या काठी पाण्याकडे डोळे लावून बसलेल्या. बोलताना त्यांचा उजवा हात सतत शेपटीसारखा वळवळतो. ती वळायची खूण समजून रिक्षावाले भलत्याच गल्लीत शिरतात. मासळीबाजारात त्यांनी एकदा रोहू पाण्यात सोडून दाखवायला सांगितला. विकणारी म्हणाली, "बाई, त्यो मेलाय. पवत आसता तर हितं आला आसता व्हय?"

हा सगळा खटाटोप एका यांत्रिक माशासाठी. मिरजगावला माझ्या दादाच्या शेततळ्यातले मासे गेल्या उन्हाळ्यात एका पहाटेत मेले. पाण्यातला प्राणवायू कमी झालेला कुणाला कळलंच नाही. वन्संनी ते फार मनाला लावून घेतलं. तळ्यात फिरून प्राणवायू मोजणारं काहीतरी हवं, पण पंख्याचं नको. पंखा तळ्याचा प्लास्टिकचा कागद फाडेल, मासे बुजतील. "मासाच करायचा," असं म्हणून त्यांनी माझ्या केकच्या भांड्यात रबराची शेपटी ओतलीसुद्धा.

पहिला मासा शेपटीपेक्षा डोकंच जास्त हलवायचा, औषध नको म्हणणाऱ्या लेकरासारखा. तळ्यात दहा हात गेला आणि बुडाला. दादानं कमरेला दोर बांधून, ट्यूबवर तरंगत, जाळ्यानं तो बाहेर काढला. "ऱ्हाऊ द्या ताई, लई तरास घेतला तुमी," तो म्हणाला. वन्संचे डोळे भरून आले. पण घरी येताच त्यांनी काचेच्या टाकीत दोन जिवंत रोहू आणून ठेवले आणि महिनाभर त्यांच्यासमोर विद्यार्थिनीसारख्या बसल्या. मग एका दुपारी मला फोन. "अगं, डोकं जड हवं आणि शेपटीचं टोक मऊ! लाट मागे जाता जाता वाढते!"

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा मिरजगावला गेलो. वन्संनी नवा मासा पाण्यात सोडला. खरे मासे आधी चहूकडे पांगले, मग एकेक करून परतले आणि त्याला खेटून जाऊ लागले. दादा काठावर उकिडवा बसून कितीतरी वेळ बघत होता.

"ताई," तो हळूच म्हणाला, "यातला तुमचा कंचा?"

वन्संनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "थांबा हं. मलाही कळेना."

इतक्यात दादाच्या मोबाईलवर माशानं मोजलेला पहिला आकडा आला, आणि माझा अबोल भाऊ साऱ्या वस्तीला हाका मारत सुटला.

मासा तिथंच ठेवून आम्ही निघालो. नगरला संध्याकाळी वन्संच्या दारात पोचलो. कुलूप काढता काढता त्या वळल्या. "तिथं त्याला एकटं नाही ना गं वाटायचं?"

"नाही वाटायचं, वन्सं," मी म्हटलं आणि चहा टाकायला त्यांच्या मागोमाग आत गेले.